पिठासारखं पांढरं

"गरम भाकर डब्यात कोंडू नगं गं पोरी, तिला घाम सुटतो. टोपल्यात निवू दे, मग बांध." ऊसतोडीच्या ट्रकात चढता चढता आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, बायनाबाई.

"माश्या बसतात, आत्याबाई."

"माश्या हाकता येत्यात. कालिजात भाकर शिकिवली न्हाई वाटतं!"

ट्रकातल्या बाया हसल्या. मीही हसले, आणि विसरले.

त्या वर्षी शिरूर तालुक्यात पाऊस झालाच नव्हता. नवरा आणि आत्याबाई कारखान्यावर गेले. लेकरू आठ महिन्यांचं, म्हणून मी घरी राहिले. पुढं सोसायटीनं सात कोसांवर चारा छावणी काढली, तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे सुंदरराव, दोन्ही बैल घेऊन तिथंच राहायला गेले. दर तीन दिवसांनी उसाचं वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, चाऱ्याला घेऊन ट्रॉली छावणीला जायची. त्या ट्रॉलीवाल्या त्रिंबककडं मी मामांसाठी नऊ भाकरी द्यायचे. तव्यावरून थेट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, वर घट्ट झाकण. स्वच्छ राहावं म्हणून.

घरी मात्र लेकराचं एकेक बिस्कीट उजेडाला धरून बघायचे.

फाल्गुनात एका सकाळी त्रिंबक दारात आला. "वैनी, म्हातारबाबाला दोन दिस झाले उलट्या लागल्यात. सुनबाईला सांगू नगं म्हनत हुते."

लेकराला कडेवर घेऊन मी त्याच ट्रॉलीत बसले.

मामा गोठ्याशेजारी गोधडीवर पडले होते. उशाला डबा. मी झाकण काढलं. ओल्या गोणपाटासारखा वास आला.

"मामा, ह्या भाकरीवर काय आहे?"

"पीठ हाय की. तू थापताना लई पीठ लावतीस." मोतीबिंदूनं त्यांना धड दिसत नव्हतं. "अन् ह्यो बैल बघ, तुकडा दिला तर तोंड फिरवितो. दुष्काळात नखरे!"

मी बोट फिरवलं. पीठ असतं तर बोटाला लागून निघालं असतं. हे कापसासारखं चिकटून राहिलं. भाकर मोडली, तर आतवर हिरवट-राखाडी डाग गेलेले. वरचं खरवडून काही उपयोग नव्हता. बी.एस्सी.ला याच बुरशीची आकृती काढून मी दहापैकी नऊ मार्क घेतले होते.

"कडू लागत नव्हती, मामा?"

"लागायची जराशी. म्हनलं, जुनी जवारी आसंल. तू लेकरामागं, तुला कशाला घोर?"

तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन चालू होतं. तिसऱ्या दिवशी मामा गेले. ऊन, वय, टँकरचं पाणी, अन्न, नेमकं कशानं ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला मात्र तो डबाच दिसतो.

आत्याबाई आल्या. घरी आणलेला डबा त्यांनी उघडला, हुंगला, झाकण लावलं. आता मी भाकरी टोपल्यात पसरून ठेवते. आत्याबाई तिकडं बघत नाहीत.

तुमचंही कुणी मागं राहिलं असेल, वस्तीवर, छावणीत नाहीतर गावातल्या घरात एकटं, डोळ्यांनी अधू, तर डबा पोचला म्हणजे झालं असं धरू नका. ते माणूस स्वतःहून सांगणार नाही. जा, झाकण काढा, भाकर उजेडाला धरा, हुंगा. आणि शेजारी बसून विचारा, काल काय खाल्लं. आजच जा.