डोक्यावरचा समुद्र

समुद्राला आजवर कोणी अडवू शकलेले नाही, असे इतिहास सांगतो. खराडीतल्या आमच्या सोसायटीत त्याला लिफ्टपाशी अडवले.

अडवणारा आमचा सेक्रेटरी चेतन. अडवण्यासारखे होतेच म्हणा. पाच फुटी काचेची टाकी, दगडांची खोकी आणि मिठाच्या भल्यामोठ्या बादल्या. मालक धम्मदीप, आमच्या बरोब्बर वरच्या फ्लॅटमधला, हिंजवडीत नोकरीला.

"फिश टँक का?" मी विचारले.

"रीफ टँक, काका. समुद्राचं पाणी, जिवंत प्रवाळ."

"आणि मासे?"

"एवढ्यात नाही. आधी महिनाभर नुसतं पाणी आणि दगड. त्यात बॅक्टेरिया वाढले पाहिजेत."

ज्याला घरात बॅक्टेरिया वाढवायचे आहेत, त्याच्याशी काय बोलणार? मी वजन विचारले.

"भरल्यावर टनभर होईल," तो म्हणाला. खुशीत म्हणाला.

ही खुशी नेमकी आमच्या हॉलवर, माझ्या आरामखुर्चीच्या डोक्यावर येणार होती. मी हरकत घेतली. नारायण पेठेतून इकडे येताना आम्ही बरेच सामान मागे टाकले, हरकत घेण्याची सवय मात्र जपून आणली. शेवटी चेतनने तोड काढली. महिनाभर टाकी भरून ठेवायची. काकांच्या छताला ओल किंवा तडा दिसला, तर समुद्र रिकामा करायचा. धम्मदीप कबूल झाला, पण चेहरा दहावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्यासारखा.

मी छताच्या जुन्या चिरेभोवती पेन्सिलीने रेघ ओढली आणि तपासाला लागलो.

वर रोज नवे यंत्र येई. पाण्यातली घाण फेसावाटे काढणारे एक, पाणी गार ठेवणारे एक, लाटा करणारे एक. लाटांचे बटण मोबाइलवर. म्हणजे हा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून खराडीत लाटा उठवणार. मग निळा दिवा लागला.

"मासे नाहीत, मग दिवा कुणाला?" बायकोने, हेमाने, विचारले.

"दगडांना."

पण खरा संशय आला तो धम्मदीपच्या वडिलांचा. भीमराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. एरवी संबंध जिन्यातल्या नमस्कारापुरता. टाकीत पाणी पडले त्या सकाळी ते आमच्या दारात उभे.

"येऊ का? सहज आलो."

पुण्यात कोणी सहज येत नाही. शिवाय ते थेट माझ्या आरामखुर्चीत बसले आणि चहा पिताना वर पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी तेच. दगड रचले त्या दिवशी तर जेवणाची वेळ होईपर्यंत हलले नाहीत.

"यांना काहीतरी ठाऊक आहे," मी हेमाला म्हणालो.

"मग विचारा की."

विचारले की माणूस सावध होतो. मी गुपचूप खुर्ची खिडकीकडे सरकवली. भीमरावांनी आल्याबरोबर ती पुन्हा जागेवर ओढली.

महिना संपत आला आणि एका रविवारी छताच्या कोपऱ्यात ओल दिसली. तळहाताएवढी. मी धम्मदीपला बोलावले. त्याने ओल पाहिली, वाद घातला नाही. "टाकी उपसायला पाइप आणतो," म्हणाला आणि वळला.

"थांब," भीमराव खुर्चीतून उठले. "अहो, एक स्टूल द्या."

ते स्टुलावर चढले, ओलीवर बोट फिरवले आणि चाटले. डोळे मिटून. पाटबंधारे खात्याला इतक्या झटपट कामाला लागलेले मी प्रथमच पाहत होतो.

"अळणी," ते म्हणाले. "हे पाणी आमचं नाही."

"कशावरून?"

"या वर. तुम्हीच चाखा."

मी चढलो. छताची चव चुन्यासारखी लागते, ही माहिती मला या वयात मिळाली. मीठ मात्र नव्हते. भीमरावांचे बोट ओलीचा माग काढत भिंतीवरून सरकले आणि आमच्याच एसीच्या पाइपापाशी थांबले.

"सर्व्हिसिंग करा म्हणून उन्हाळाभर सांगतेय," हेमा म्हणाली.

"म्हणजे... ठेवू टाकी?" धम्मदीप दारातूनच.

"ठेव," मी म्हणालो. "पण भीमराव, आपण रोज याच खुर्चीत का बसत होतात?"

"आमच्या वरिष्ठांची शिस्त होती. कालव्याच्या पुलावरून पहिलं पाणी सोडलं, की ज्याचं गणित त्याने पुलाखाली उभं राहायचं. टाकी बीमवर कुठे ठेवायची, हे गणित माझं." त्यांनी वर पाहिले. "मग खाली बसणार कोण? तुम्ही?"

मी पेन्सिलीची रेघ पुसायला रबर शोधू लागलो.

भीमराव दारापर्यंत गेले आणि घुटमळले.

"अहो, चमचाभर मीठ मिळेल का? वर बादल्या भरून आहे, पण हा हात लावू देत नाही. आमटी खोळंबली आहे."