एकच सूर

"आश्रुबा, सेलूचा ब्यांड मागवू का? मानूस धाडतो, दुपारपातुर येतील." माणिकराव पाटील अंगणात उभ्या-उभ्याच बोलले. "इतका मोठा सनईवाला, मुक्यानं न्यायचा का?"

भिंतीला टेकून बसलेल्या आश्रुबाला मान वर करवेना. समोर तिरडीवर थोरला भाऊ भुजंग होता. पहाटे दम्यानं नेला त्याला. निजामाचं राज्य गेलं, नवं सरकार आलं, लग्नात ब्यांड वाजू लागले, तरी वालुरात भुजंगाच्या सनईशिवाय नवरी मांडवात येत नव्हती.

आणि आश्रुबा? त्यानं जन्मभर नुसता सूर धरला. त्याच्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली. एकच आवाज, सरळ. गाल फुगवायचे, वाजवता वाजवता नाकानं श्वास घ्यायचा, खंड म्हणून पडू द्यायचा नाही. भुजंग मध्येच दम खायला थांबला तरी कुणाला कळायचं नाही, खाली आश्रुबा होता ना! शेवटी भुजंगानं पायानं त्याचा अंगठा दाबला, की थांबायचं. शाबासकी सगळी भुजंगाला. पोरं चिडवायची, "आश्रुबाकाका, दुसरं कायी येतं का न्हाई?" तोही हसायचा. येतच नव्हतं. आज मात्र त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"ब्यांड नगं," दारातून झुंबरबाई, भुजंगाची बायको, बोलली. रडून घसा बसलेला. "घरच्या वाजंत्रीनं जातील ते. भावजी, उठा."

"वैनी, लय लाज वाटायलीय. मला एक चाल येत न्हाई. नुसता सूर काय वाजवू?"

"त्यायला तेवढाच लागायचा. दुसरं कवा काय मागितलं तुमाला?"

उठला बिचारा. तिरडीपुढं चालत त्यानं सूर धरला. ना चाल, ना ताल. "हे काय वाजवनं झालं?" कुणीतरी कुजबुजलं. पण मारुतीच्या पारापाशी कुजबुज बंद झाली. सूर वर जाईना, खाली येईना. त्यावर भुजंग नव्हता, आणि त्याचं नसणं अख्ख्या गावाला ऐकू येत होतं. माणिकरावांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

सरण पेटलं. "बास आता, आश्रुबा," माणिकराव म्हणाले. आश्रुबा थांबला नाही. लोक ओढ्यावर आंघोळीला गेले, तरी वाजवतच होता. हात धरला तर झिडकारला. तसाच वाजवत घरी आला आणि ओट्यावर बसला. ओठ फुटून रक्त आलेलं, डोळे तारवटलेले.

"डोक्यावर परिनाम झाला याच्या," लोक म्हणाले.

झुंबरबाई बाहेर आली. हात मोकळे, कपाळ मोकळं. ती त्याच्या शेजारी बसली. दिराच्या अंगाला कधी बोट न लावलेल्या बाईनं पाय पुढं केला आणि त्याचा अंगठा दाबला.

सूर थांबला. आश्रुबानं सनई खाली ठेवली आणि श्वास घ्यायला तोंड उघडलं, तर हुंदकाच फुटला.