शेपटीखालचा थोरला

मित्रांनो, मी एक जुना टेकू आहे, आणि स्वभावाने पक्का जळकुटा आहे. दुसरी गोष्ट तुम्हाला मागाहून कळण्यापेक्षा मीच आधी सांगितलेली बरी.

कसला टेकू, असं तुम्ही विचाराल. मी छपराचा नाही आणि वेलीचाही नाही. मी विमानाच्या शेपटीखाली उभा राहतो. हसू नका. आमची विमान कंपनी अगदी छोटी. तिच्याकडे पंख्यांचं एकच विमान. ते सकाळी आमच्या विमानतळावरून निघतं, बंदराच्या गावी थांबतं, डोंगरावर थांबतं, खाणीच्या गावी थांबतं आणि दुपार कलली की घरी येतं. या विमानाचं दार मागच्या बाजूला आहे. विमान थांबलं रे थांबलं की सगळे प्रवासी उठून मागे गर्दी करतात. नेमकं तेव्हाच पुढच्या कप्प्यातलं सामान उतरत असतं. पुढे हलकं आणि मागे जड झालं की विमान नाक वर करून शेपटीवर बसायचं. तसं होऊ नये म्हणून मला शेपटीखाली उभं करतात. माझ्या डोक्याला रबर आहे आणि पायाला लोखंडी ताट. शेपटी आणि माझं डोकं यांत बोटभर फट असते. शेपटी खाली आली तर मी ती झेलायची. नाही आली तर नुसतं उभं राहायचं. माझं आयुष्य नुसतं उभं राहण्यात गेलं.

आम्ही जन्मलो ते दोघं. हमालांच्या मुकादमांनी एकच लांब नळी घेतली, मधोमध कापली आणि एकाच दुपारी आम्हा दोघांना जोडून, घासून, लाल रंग देऊन भिंतीशी उभं केलं. कंपनीचे साहेब म्हणाले, "बाकीच्या तीन ठिकाणी टेकूच नाहीत. एक इथे ठेवा आणि एक विमानातून फिरू द्या." मुकादमांनी हात लांब केला. माझा जोडीदार दाराच्या बाजूला होता आणि मी भिंतीच्या. तो आधी हाताला लागला, म्हणून तो विमानात गेला. बस्स, एवढंच! माझ्यापेक्षा तो मजबूत नव्हता की देखणा नव्हता. आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं असतं तर खुद्द मुकादमांनाही ओळखू आलं नसतं.

आमची नावं हमालांनी ठेवली, तीही मुकादमांच्या मुलींवरून. मुकादमांना दोन मुली. थोरली आमच्याच विमानतळावर तिकिटाच्या काउंटरला, आणि धाकटी विमानात एअर होस्टेस. म्हणून जो फिरतो तो धाकटा, आणि जो राहतो तो थोरला. झालं माझं बारसं.

मग सुरू झाला माझा जळफळाट. धाकटा रोज संध्याकाळी घरी यायचा तो नटून. त्याच्या ताटाला बंदराची रेती लागलेली असे, तिच्यावर डोंगराची लाल माती, आणि सगळ्यांत वर खाणीची काळी भुकटी. हमाल त्याला पुसता पुसता म्हणायचे, "बघा, आज काय काय आणलंय पठ्ठ्याने!" बंदरावरच्या एका हमालाने तर त्याच्या अंगावर पांढऱ्या रंगाने मासा काढला. डोंगरावरच्यांनी मानेशी निळी फीत बांधली. आणि माझ्या अंगावर काय? कबुतरांनी जे काय द्यायचं ते दिलं. मला फडकं लागायचं ते साहेब तपासणीला येणार असले तरच.

माझ्यासारखी जळणारी आणखी एक होती म्हणून दिवस निघाले. ती थोरली. विमान गेलं की ती डबा घेऊन यायची, माझ्याशेजारी पालथा क्रेट ओढायची आणि माझ्यावर पाठ टेकून जेवायची.

"अरे थोरल्या," ती म्हणायची, "आपण दोघं एकाच माळेचे मणी रे. ती आत्ता समुद्र बघत असेल. आणि मी? काका, बॅगेत लायटर आहे का? मावशी, बॅगेत कात्री आहे का? जन्म चालला माझा लायटर विचारण्यात!"

तिचं खरं दुखणं निराळं होतं. एअर होस्टेसची जागा निघाली तेव्हा परीक्षा दोघी बहिणींनी दिली होती आणि दोघी पास झाल्या होत्या. पण जागा एकच. साहेबांनी मुकादमांनाच विचारलं, "बोला, कोणाला घेऊ?" मुकादम म्हणाले, "धाकटीला घ्या. थोरली इथे काउंटरला असू दे." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि थोरलीने विचारलं नाही. तिचं नाव राखीव म्हणून लागलं. दरवर्षी ती धाकटीबरोबर परीक्षा द्यायची. दार कसं उघडायचं, धूर झाला तर लोकांना कसं काढायचं, सगळं तिला तोंडपाठ. पण बोलावणं काही यायचं नाही. धाकटी कधी रजाच घ्यायची नाही!

संध्याकाळी धाकटी पायऱ्या उतरतानाच सुरू व्हायची. "ताई, आज डोंगरावर ढग इतके जवळ होते, हात लावावा इतके!"

"हो का? छान," थोरली म्हणायची. "बाबांच्या गोळ्या संपल्यात. येताना ढगातून त्याही आणायच्या होत्यास."

मला तिचं उत्तर फार आवडायचं. धाकटीचं तोंड पडायचं, आणि शेजारी तो मासेवाला धाकटा उभा असायचा, त्याचंही पडलं असेल असं मी धरून चालायचो.

मग तो दिवस आला. डोंगरावरच्या विमानतळावर रस्सीखेच जिंकून आलेला संघ उतरत होता. एकेक गडी म्हणजे दरवाजाएवढा. जिंकल्याच्या आनंदात सगळेच्या सगळे एकदम उठले आणि ढाल कोणी आधी न्यायची यावर मागच्या दारापाशी भांडत उभे राहिले. पुढचं सामान तोवर उतरलं होतं. शेपटी खाली आली ती थेट धाकट्याच्या डोक्यावर. तो कमरेत वाकला, पण मोडला नाही. विमानाला ओरखडाही गेला नाही. त्या हिसक्याने मात्र दारात उभी असलेली धाकटी पायऱ्यांवरून खाली पडली आणि तिचा घोटा मोडला. तिथल्याच दवाखान्यात त्याला प्लास्टर घातलं.

विमान तपासून, प्रवासी न घेता, रिकामंच घरी आलं. धाकटीला खुर्चीतून उतरवलं आणि धाकट्याला दोघांनी हातांवर झेलून आणलं. तुम्ही म्हणाल, आता तरी माझं मन पाघळलं असेल. कशाचं! साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "याने आज विमान वाचवलं!" त्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. हमाल त्याच्या वाकलेल्या कमरेवरून हात फिरवत होते. अहो, वाकला तरी मान त्याचाच! मी इतकी वर्षं ताठ उभा आहे, मला कोणी ताठ आहेस असंही म्हणालं नाही. ती शेपटी एकदा माझ्या डोक्यावर आली असती तर मीही झेलली असती.

दुसऱ्या दिवशीचं विमान कसं जाणार हा प्रश्न होता. एअर होस्टेसशिवाय प्रवासी नेता येत नाहीत. "राखीव कोण आहे?" साहेबांनी विचारलं. सगळ्यांच्या माना काउंटरकडे वळल्या.

मुकादम घाईने म्हणाले, "तिला सवय नाही साहेब. बाहेरून कोणी मागवा."

थोरली काउंटरच्या मागून बाहेर आली. "बाबा, दरवर्षी पास होते मी. सवय कुठून होणार? कधी पाठवलंत का?"

मुकादम धाकटीच्या प्लास्टरकडे बघत राहिले. मग कोणाकडेच न बघता हमालांना म्हणाले, "उद्या थोरला टेकू चढवा." एवढंच. पण थोरलीला कळायचं ते कळलं, आणि मलाही.

मित्रांनो, ज्यासाठी जन्मभर जळलो ते हाती आलं! मला मागच्या कप्प्यात आडवं ठेवलं, दार लावलं, आणि मिट्ट काळोख झाला. आभाळ नाही, ढग नाही, काही नाही. शेजारी कोंबडीच्या पिल्लांची खोकी होती. त्यांनी वाटभर चिवचिव करून माझं डोकं उठवलं. धाकटा इतकी वर्षं हेच बघत होता की काय? आणि घरी येऊन गुपचूप नटून उभा राहायचा, लबाड!

पण माझ्या कप्प्याची भिंत पातळ आहे आणि भिंतीपलीकडेच एअर होस्टेसची खुर्ची आहे. मला थोरलीचा आवाज ऐकू येत होता. पट्टे बांधायला सांगताना पहिल्या वाक्याला तो कापला. दुसऱ्या वाक्याला सावरला. तिसऱ्या वाक्याला ती अशी बोलली, की लायटर विचारणारी ती हीच का, असं मला वाटलं.

बंदरावर मला उभं केलं. वर बघतो तर तेच शेपटीचं पोट, जे मी घरी रोज बघतो. तेवढ्यात तिथला हमाल म्हणाला, "हा कोण? आपला मासेवाला कुठाय?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी विमानाच्या कडेने एक निळी पट्टी दिसत होती, तिच्यावर एक होडी. ती पट्टी माझी आहे. ती मी कोणाला देणार नाही.

थोरलीचं नशीब माझ्यासारखंच. जो तो विचारायचा, "तुमच्या बहीणबाई नाही आल्या? बऱ्या आहेत ना?" डोंगरावर एका आजींना ती हात धरून उतरवत होती. आजी म्हणाल्या, "ती मला गाणं म्हणत उतरवते."

"मला गाता येत नाही, आजी."

"मग गप्प राहा. पण हात सोडू नकोस, तुझा हात घट्ट आहे."

खाणीचं गाव सोडल्यावर थोरलीने भिंतीवर बोटाने टकटक केलं. "थोरल्या, ऐकलंस ना? इथेही तीच!" असं म्हणून ती हसली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. आणि मग अगदी हळू, "अगं बाई... खरंच हात लावावा इतके."

घरी आलो तेव्हा मुकादम धाकटीची चाकांची खुर्ची ढकलत शेपटीपाशी आले होते. धाकटीचा चेहरा फुगलेला. दिवसभर तिने काउंटर सांभाळलं होतं.

"कसं झालं ताई?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "इथे सगळे तुझंच विचारत होते. ताई कुठे, ताई कधी येणार! एक काका तर तिकीट न घेताच गेले, उद्या ताईंकडून घेतो म्हणाले. मला वाटलं, मी काय भूत बसलेय का इथे?"

"तुझंही सगळीकडे विचारत होते," थोरली म्हणाली. "मेले, तूच तू, सगळीकडे!"

धाकटी खाली बघून म्हणाली, "म्हणून तर मी रजा घेत नव्हते. तू एकदा वर गेलीस की मला कोण विचारणार?"

 मुकादम घसा खाकरून म्हणाले, "चला, महिना-दीड महिन्याचा प्रश्न आहे. हिचा पाय बरा झाला की तू आपली परत खाली."

"बाबा," थोरली म्हणाली, "तेव्हा साहेबांनी विचारलं तर तुम्ही हिचं नाव का घेतलंत? मी कशात कमी होते?"

मुकादमांनी फडकं काढलं आणि माझं ताट पुसायला लागले. त्याच्यावर रेती होती, लाल माती होती, काळी भुकटीही होती. पुसत पुसत ते म्हणाले, "कमी नव्हतीस गं. तू हाताशी होतीस. हाक मारली की ओ द्यायचीस. हिला चारदा बोलवावं लागायचं. म्हटलं, ही जवळ राहू दे."

"मला विचारलंत?"

मुकादमांचा हात थांबला. "नाही," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं. चुकलं माझं, पोरी."

मी ऐकत होतो. म्हणजे टेकू हाताशी होता म्हणून धाडला, आणि लेक हाताशी होती म्हणून ठेवून घेतली! दोन्ही वेळा विचारलं कोणालाच नाही.

"मग आता विचारतो," मुकादम म्हणाले. "तुला जायचंय?"

 थोरली एक हात माझ्या खांद्यावर ठेवून उभी राहिली. "जायचंय," ती म्हणाली. "रोज नाही. पण जायचंय."

"आणि मी?" धाकटी ओरडली.

"तू लायटर विचार," थोरली म्हणाली, आणि मग तिघंही हसायला लागले. मुकादम तर डोळे पुसेपर्यंत हसले. पुसायला फडकं तेच, त्यामुळे सगळं तोंड काळं झालं.

धाकटीचा पाय जुळला. धाकट्याची कंबरही ठोकून सरळ झाली. आता एक दिवस धाकटी वर जाते, एक दिवस थोरली. आमचीही पाळी तशीच, आलटूनपालटून.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी हाताशी असेल, हाक मारली की ओ देणारं. त्याला नीट पुसा, जपा, तो वाकेपर्यंत थांबू नका. आणि एकदा त्याच्यासमोर बसून विचारा, तुला काय हवंय? तो काहीही मागणार नाही कदाचित. पण विचारा.

आणि माझं जळणं? ते कुठे जातंय! गेल्या आठवड्यात बंदरावरच्या हमालाने माझ्याही अंगावर मासा काढला. धाकट्याच्या माशापेक्षा तो लहान आहे. बाकी कोणाच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं. आज मंगळवार, आज तो वर आहे आणि मी इथे कबुतरांखाली. जळतोय का? जळतोय ना, अगदी मनापासून जळतोय! पण काउंटरची धाकटी आत्ताच डबा घेऊन आली, क्रेट ओढून माझ्यावर पाठ टेकून बसली आणि म्हणाली, "अरे थोरल्या, ती आत्ता समुद्र बघत असेल रे."

बघू दे. उद्या बुधवार आहे.