मल्लूच्या डोक्यावरची माती

मल्लिकार्जुनला वळसंगच्या रानात बांधालगत पुरलं, त्याला चैत्रात चार महिने झाले. घरच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे मांडी घालून बसवला, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून जगलेलं एकोणीस वर्षांचं पोरगं पुढच्याच वर्षी काविळीनं आठ दिवसांत गेलं.

त्याची आई दानम्मा रोज सकाळी रानात जायची आणि पाटीभर माती त्या उंचवट्यावर ओतायची. माती खचायची, कारण माती खचतेच. पण हे दानम्माला सांगणार कोण? उंचवटा बसला की जागा ओळखू येणार नाही, मग मृगाआधी नवरा कुळव फिरवणार आणि कुळवाची लोखंडी फास पोराच्या डोक्यावरून जाणार, याचाच तिनं धसका घेतला होता.

तिचा नवरा सिद्रामप्पा समजूत काढून थकला. "अगं, सात फूट खोल हाय. म्या सोता खांदलंय. फास वीतभरबी जात न्हाय."

"बसलेला हाय न्हवं त्यो," ती म्हणायची. "निजलेला असता तर गोष्ट येगळी."

सिद्रामप्पा तंबाखू मळायला घ्यायचा. गावातल्या बायका त्याला दगड म्हणत. पोरगं गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तो गोफण घेऊन ज्वारी राखायला उभा होता, डोळ्यांत टिपूस नव्हतं.

एका सकाळी दानम्मा पाटी घेऊन गेली, तर टिटवी अंगावर ओरडत आली. उंचवट्यावर, ढेकळांच्या मधे चार अंडी होती, मातीच्याच रंगाची. पाटी ओतली असती तर चारी गाडली गेली असती.

शेजारच्या रानातली शिवबाई म्हणाली, "हाकल की तिला. टिटवी लई वंगाळ, अपशकुनी."

"आता कुठला अपशकून व्हायचा ऱ्हायलाय," दानम्मा म्हणाली, आणि माती तिनं बांधावर ओतली.

त्या दिवसापासून तिच्या हाताला कामच उरलं नाही. ती बाभळीखाली बसून राहायची. भर उन्हात टिटवी उठायची, डबक्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या अंगानं पुन्हा अंड्यांवर बसायची. तोवर नर तिथं उभा. दानम्मा ते बघायची आणि रडायची. चार महिने माती वाहण्यात तिला धड रडायलाही सवड झाली नव्हती. आता रडू यायचं ते दुपार कलली तरी थांबायचं नाही, आणि घरी जाताना मात्र जरा श्वास घेता यायचा. टिटवीलाही तिची सवय झाली. ती ओरडेनाशी झाली.

वैशाखात पिल्लं निघाली. अंग वाळलं न वाळलं तोच आईमागून तुरुतुरु चालू लागली, आणि दुसऱ्या सकाळी तिथं काहीच नव्हतं. दानम्मा उठून जवळ गेली. उंचवटाही नव्हता. तिच्या डोळ्यांदेखत महिन्याभरात तो रानाला मिळून गेला होता.

"गेला माझा मल्लू," ती मोठ्यानं म्हणाली. हे तिनं आजवर कधी म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "कुळव घाला. समद्या रानात घाला."

दुसऱ्या दिवशी सिद्रामप्पानं औत जुंपलं. दोन फेऱ्या झाल्या आणि बांधाजवळ येताच त्यानं कासरा ओढला. बैल उभे राहिले. तोही उभा राहिला, खाली बघत.

"काय झालं?" दानम्मानं विचारलं.

"मला न्हाय जमायचं." त्याचा आवाज फाटला होता. "माती म्याच लोटली गं त्याच्यावर. डोळ्यांत गेली आसंल. नाकातोंडात गेली आसंल."

एवढं बोलून तो कुळवाच्या तासातच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. दानम्मा त्याच्याशेजारी बसली. बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग तिनं त्याच्या हातातून कासरा सोडवून घेतला. बाईमाणसानं औत धरलेलं गावात कुणाला चालत नव्हतं. "तुमी सावलीला बसा," ती म्हणाली आणि बैलांना सावकाश पुढं हाकलं.