तीन पूर्णांक नऊ

"तारा एक अन् आकडे बावन! आज तीन पूर्णांक आठ, पंधरा दिवसानं चार पूर्णांक एक. दोन दिवस झाले मास्तर, तुमचंच निस्तरून राहिलो." कारकून नत्थुजींनी नोंदवहीवरची कागदाची भुकटी फुंकून उडवली. हातात दाढीचं पातं होतं.

धर्मपाल दारातच थबकले. अकोल्याच्या त्या शाळेत ते विज्ञान शिकवत. पाच हिवाळे त्यांनी शाळेच्या गच्चीवरून देवयानीतला एक तारा शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहिला होता आणि त्याच्या तेजाचा आकडा या वहीत लिहिला होता. दुसरी प्रत नव्हती. दक्षिणेतल्या एका वेधशाळेनं वही मागवली होती.

आता पानोपानी एकच आकडा होता, तीन पूर्णांक नऊ. प्रत्येकापुढे नत्थुजींची इमानदार आद्याक्षरं.

"नत्थुजी, तो ताराच कमीजास्त होते हो! सूर्यावर डाग असतात ना, तसे याच्या अंगावर लय मोठे असतीन. तारा फिरते. डागाची बाजू आपल्याकडे आली का मंद, गेली का तेज. पन्नासेक दिवसानं पुन्हा तसंच. तो फरक म्हंजेच माझं काम होतं."

नत्थुजींचा हात थांबला.

"आता ताऱ्यालेबी डाग लावता काय?" हेडमास्तर भगवंतराव आतून आले. "छप्पन साली देव सोडले, आता तारे नासवाले निघाले. मीच सांगतलं त्याले. उद्या तपासणी हाय. बिनमेळाची वही दाखवू काय साहेबाले? करा सही."

"नाही करत."

"मंग गच्चीची किल्ली ठेवा इथं. वही तर जाईनच, तुमच्या नावानं."

धर्मपालांनी किल्ली टेबलावर ठेवली. एक पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. खरवडून खरवडून कागद पापुद्र्यासारखा झाला होता. जुना आकडा कुठंच उमटत नव्हता. आठवणार तरी कसा? कालचा आकडा आजच्या नजरेला फसवतो, म्हणून मागचं पान ते उघडतच नसत.

त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि शेवटच्या पानावर, वर्गातल्या फळ्यावर लिहीत तशा सुट्या, ठळक अक्षरांत लिहिलं : 'हे आकडे मी पाहिलेले नाहीत. मी पाहिलेले खरवडले आहेत.' खाली पूर्ण नाव, तारीख.

"खोडा ते!" भगवंतराव ओरडले. "नत्थुजी, पातं घ्या!"

नत्थुजींनी पातं खिशात टाकलं. टेबलावरचा टीपकागद उचलला, आणि ओल्या सहीवर हलकेच दाबून धरला.