बांधावरचा वाल

सगुणा आणि सोनाबाई जावा. म्हसळ्याजवळ दोघींची वालाची शेतं लागून, मध्ये हातभर बांध, आणि त्या बांधावरून बारा वर्षांत शिव्यांखेरीज काही आलं-गेलं नव्हतं. मेलेल्या सासूच्या, काशीबाईच्या, मडक्यातलं खरं बियाणं आपल्याकडेच आहे, असं दोघी छातीठोकपणे सांगत.

यंदा कृषी महाविद्यालयातली प्राप्ती नावाची मुलगी आली. कोकणात वालाचे किती वाण उरलेत ते ती शोधत होती. आपापल्या वालाची पाच पानं भरून द्यायला तिने दोघींना एकेक पाकीट दिलं. "पानातून डीएनए काढायचा, त्यातल्या ठरावीक खुणा जुळवायच्या. वाण वेगळा निघाला तर बियाणं जपून ठेवू आणि शेतावर राखणारीच्या नावाची पाटी लावू."

पाटी! सासूचं बियाणं सगुणाकडे तीन वर्षांपूर्वीच भुंग्यांनी संपवलं होतं. तेव्हापासून ती म्हसळ्याच्या बाजारातले वाल आणून गुपचूप पेरत होती. पाटीवर सोनाबाईचं नाव लागलं तर ते रोज वाचावं लागणार. शाळेत गेल्याचा तिला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

दुपारी सोनाबाई दिसेना, तशी सगुणा बांध ओलांडून गेली. जावेची पाच पानं खुडली आणि आपली म्हणून पाकिटात घातली. परतली तर तिच्याच वालाची पाच पानं गायब. तिने बकरीचा उद्धार केला.

प्राप्तीने जाताजाता बांधावरच्या गवतात वाढलेल्या वेलाचीही पानं घेतली. "बांध कुणाचा?"

"तिचा!" दोघी ओरडल्या. बांध ज्याचा, गवत त्याने काढायचं. म्हणून दोघींनी तलाठ्याला 'बांध आमचा नाही' असं लेखी दिलेलं.

शेंगा वाळता वाळता अहवाल आला. प्राप्ती म्हणाली, "दोन्ही पाकिटांतला वाल एकच. बाजारातला."

सगुणाला बकरी आठवली. तिने सोनाबाईकडे पाहिलं. सोनाबाई आधीपासूनच तिच्याकडे पाहत होती.

"बाजारचा व्हय गो?" सोनाबाई म्हणाली.

"तुझं पाकीट काय सोन्याचं निघालं?"

"बांधावरचा मात्र वेगळा," प्राप्ती मध्येच म्हणाली. "असा दुसरा कुठे सापडला नाही."

काशीबाई बांधावरही वाल टोचायची. पुढे तिथे कुणी विळा लावला नाही, म्हणून तो दरवर्षी आपला आपण उगवत राहिला.

"बांध माझा हाय!" सगुणा म्हणाली.

"तुझा? गवत काढायला सांगितलं तेव्हा तुझी कंबर मोडली होती!"

"आणि तुझी जीभ मोडत न्हाय ती कधी!"

प्रकरण तलाठ्याकडे गेलं. त्याने दोघींचे कागद दोघींना वाचून दाखवले. मग सातबारा उघडला. बांधाच्या तुकड्यावरचं नाव कुणी बदललंच नव्हतं.

आठवड्याने पाटी लागली. 'वाणाची राखण: काशीबाई'.

"मेली तरी म्हातारीच जिंकली," सगुणा दात खात म्हणाली. मग पाटीकडे बघून तिने पदर डोक्यावर ओढला. पलीकडे सोनाबाईने तिच्या आधीच ओढला होता.