कोल्लोर्सोच्या किल्ल्या

मारेइकाबाईंनी दाराच्या कडीला हात लावला आणि लगेच पर्समधून छोटी बाटली काढून दोन्ही हातांना औषध चोळलं. मग त्या लोरेताकडे बघून गोड हसल्या. लोरेताही हसली. पण आतून तिला अशी शिसारी आली, की सरपंच शेजारी उभा नसता तर ती तिथेच थुंकली असती. ती कडी शेजारच्या म्हाताऱ्या बेरेनीचेच्या हातांनी सत्तर वर्षं गुळगुळीत केली होती, आणि बेरेनीचेला वारून अजून वर्षही झालं नव्हतं.

नवराबायको हॉलंडचे. दोघंही नुकतेच निवृत्त झालेले, दोघांचे दात सारखेच पांढरे. इटलीतल्या डोंगरावरचं एखादं खेडं निवडून तिथे घर घ्यायचं म्हणून ते तीन आठवडे अब्रुत्सोचे घाट पालथे घालत होते. कोल्लोर्सो हे त्यांचं बारावं खेडं. नवऱ्याकडे, वाउटरकडे, एक वही होती. भाषा पक्की व्हावी म्हणून तो ती इटालियनमध्येच लिहायचा, त्यामुळे लोरेताला तिरक्या नजरेने सगळं वाचता आलं. हवेला गुण, पाण्याला गुण, शांततेला दुप्पट गुण. 'ग्रामस्थ' असाही एक रकाना होता. त्यात सात लिहिले होते.

"सात कशाचे?" तिने सरपंचाच्या कानाशी विचारलं.

"दहापैकी सात. चांगले आहेत की, काकू," पान्फिलो कुजबुजला.

"खेचरांच्या बाजारात दात बघतात ना, तसं चाललंय. आता माझा जबडा उघडायला सांग."

"गप गं काकू! हसत राहा."

ती हसत राहिली, कारण अडला हरी गाढवाचे पाय धरी. गावची नोंदलेली वस्ती तीसच्या खाली गेली की बुधवारची बस बंद होणार, असं वरच्या कचेरीचं पत्र आलं होतं. त्या बसनेच डॉक्टर वर यायचा, औषधं यायची, मीठ-साखर यायची. बेरेनीचे गेल्यावर गावात अठ्ठावीस माणसं उरली होती. कचेरीने नव्या वर्षापर्यंत मुदत दिली होती. आणि लोरेताच्या मुलाने, एर्कोलेने, खालच्या पेस्कारा शहरातून फोनवर बजावलं होतं: "आई, बस बंद होणार असं नक्की झालं की मी तुला न्यायला येणार. चर्चा नाही." त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. गॅलरीतून समोरची गॅलरी दिसायची. तिथे चार दिवस राहिली तरी लोरेताच्या घशाखाली घास उतरत नसे. अठ्ठावीस आणि दोन तीस. ही पांढऱ्या दातांची जोडी हवीच होती तिला.

जेवायला तिने दुकानातलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं चीज मांडलं. सरपंचाचा हुकूमच होता तसा. एरवी कोल्लोर्सोत पाहुणा आला की मार्चेत्तोची बरणी निघते. मेंढीच्या दुधाचं चीज अळ्या पडेपर्यंत मुरवायचं, मग ते मऊ होतं, जिभेला झोंबतं, आणि पावावर लावून ते ज्याने खाल्लं तो आपला. त्या दिवशी बरणी पलंगाखाली ढकललेली होती. रबरासारख्या चकत्या पाहुण्यांना वाढताना लोरेताला स्वतःच्या हातांचीच किळस आली.

"अतिशय स्वादिष्ट," वाउटर म्हणाला. "हे येथीलच आहे काय?"

"इथलंच," पान्फिलो म्हणाला.

दाराआडच्या भिंतीवरच्या किल्ल्या बघून मारेइकाबाई हरखल्या. एकूण चाळीस होत्या, प्रत्येकीला खिळा वेगळा आणि चिंधी वेगळ्या रंगाची. कुणी बेल्जियमच्या खाणीत गेलं, कुणी अर्जेंटिनाला, कुणी नुसतंच खाली. गाव कायमचं सोडणारा माणूस आपली किल्ली स्वतःच्या हाताने मागे राहणाऱ्याला देतो, आणि घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. आधी लोरेताची आई घ्यायची, मग लोरेता घेऊ लागली.

"किती सुंदर! ही सजावट आपण केली?"

"हो," लोरेता म्हणाली. दुसरं काय सांगणार होती?

संध्याकाळी गावचा मेंढपाळ चेसीदिओ मेंढरं घेऊन उतरला. दोनशे मेंढ्या, तीन पांढरे कुत्रे, घंटांचा गलका. रोजच्यासारखा कळप बेरेनीचेच्या खिडकीखालून हौदाकडे गेला आणि पलीकडच्या गोठ्यात शिरला. मारेइकाबाईंनी रुमाल नाकाला लावला. वाउटरने वही काढली आणि मान खाली घालून लिहिलं: 'मेंढ्या. वास. उणे तीन.'

दोन दिवसांनी सरपंच तिच्या दारात आला.

"काकू, त्यांना घर पसंत आहे! पण तो गोठा तिथे नको म्हणतात."

"मग सांग ना चेसीदिओला. सरपंच तू आहेस."

"माझ्या अंगावर कुत्रं सोडेल तो. तुझं ऐकतो."

"आणि मेंढरं कुठे नेऊ दे? तुझ्या कचेरीत?"

"खालचा गोठा आहे की रिकामा, रानाकडेला."

"तासाभराची वाट आहे, पान्फिलो. लांडगे आहेत तिथे. एकाहत्तर वर्षांचा माणूस रोज दोनदा चढ-उतार करणार?"

"नाही केला तर बस जाते. मग तू पेस्कारा, मी पेस्कारा, आणि चेसीदिओ एकटा मेंढ्यांना पत्ते शिकवणार. बघ बाई तू."

तिने बघितलं. रात्रभर नाही, जेवण होईपर्यंतच बघितलं, आणि तेवढ्यात तिचं ठरलं. याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

चेसीदिओ धार काढत होता. लहानपणी दोघं एकाच बाकावर बसलेले. नंतर त्याने तिला मागणी घातली होती आणि तिने गवंड्याशी लग्न केलं होतं, यावर तो अजूनही विनोद करायचा.

"ये गं, गवंड्याची राणी. चीज संपलं वाटतं?"

"चेसीदिओ, दोनच महिन्यांचं काम आहे. त्यांचं घर दुरुस्त होईपर्यंत मेंढरं खाली ने. मग परत आण."

त्याने धार थांबवली नाही. "दोन महिने?"

"फार तर तीन. मग त्यांना सवय होईल."

"लोरेता, शाळेत तू माझं अंजीर चोरलंस आणि मास्तरांना सांगितलंस कावळ्याने नेलं. तेव्हासुद्धा तुझे कान असेच लाल झाले होते."

तिला वाटलं, आता तो शिव्या देईल, आणि द्याव्यात अशी तिची इच्छाही होती.

"ते राहणार आहेत ना पण?" त्याने विचारलं. "बस टिकेल? तुला इथेच राहता येईल?"

"हो."

"मग झालं," तो म्हणाला.

त्याने मेंढरं खालच्या गोठ्यात नेली. पहिल्या आठवड्यात लांडग्यांनी चार मारल्या. दुसऱ्या आठवड्यात तो वाटेवर घसरला आणि गुडघा सुजून भोपळा झाला. मे महिन्याच्या शेवटी एक ट्रक आला आणि सगळा कळप घेऊन गेला, कुत्र्यांसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी चेसीदिओ दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून लोरेताच्या उंबऱ्यात उभा राहिला. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात बरणी.

"बहिणीकडे चाललोय, खाली. नाव तिकडेच नोंदवतो, तिथला डॉक्टर त्याशिवाय गुडघ्याला हात लावत नाही. घे."

"मी नाही घेणार."

"नाही म्हणता येत नाही. रीत आहे."

तिने घेतली. बेरेनीचेची किल्ली डच मंडळींना दिल्यामुळे एक खिळा रिकामाच होता. बरणीत शेवटचं मार्चेत्तो होतं. तो गेल्यावर तिने बोटांवर मोजलं. सत्तावीस आणि दोन एकोणतीस. सरपंच म्हणाला, "एक माणूस काय, कुठूनही आणू. माझ्या सासूचं नाव घालतो." लोरेताने त्याच्या तोंडावर दार लावलं.

जूनमध्ये डच मंडळी राहायला आली. खिडक्या निळ्या रंगवल्या. बेरेनीचेच्या मक्याच्या पेटीत फुलझाडं लावली. नव्या बिऱ्हाडात पहिला विस्तव शेजारणीने न्यायचा असतो, म्हणून लोरेता लोखंडी खोऱ्यात निखारे घेऊन गेली. चूल बुजवून टाकली होती. तिथे वाईनच्या बाटल्या रचलेल्या होत्या.

ती खोरं हातात धरून उभी राहिली. "मग थंडीत काय करणार?"

"थंडीत?" वाउटर हसला. "थंडीत आम्ही येथे नसू. नातवंडे हॉलंडमध्ये आहेत. मे ते ऑगस्ट, हा आमचा बेत आहे."

"आणि नाव? गावच्या वहीत नाव घालणार ना?"

"छे, छे. कर, विमा, सर्व तिकडे आहे. का? कोणी काही म्हणाले काय?"

कुणी काही म्हणालं नव्हतं. तेच तर! सरपंचाने विचारलं नव्हतं, तिनेही विचारलं नव्हतं. कोल्लोर्सोत हा प्रश्न कुणाला सुचणारच नाही. इथे घर असतं ते हिवाळ्यासाठी. उन्हाळ्यात माणूस गंजीखालीही झोपतो, त्यासाठी घर घेणारा माणूस या डोंगरावर कुणी पाहिलाच नव्हता. घर घेतलं म्हणजे बर्फात राहणार, हे सूर्य उगवण्याइतकं उघड होतं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं. आणि इथे तर धुपाटणं खरोखरच तिच्या हातात धुमसत होतं.

"आणखी एक," मारेइकाबाई म्हणाल्या. "त्या मेंढ्या कोठे गेल्या? आमच्या मित्रांना आम्ही त्या घंटांविषयी सांगितले होते. ते पुढील आठवड्यात येत आहेत."

"मेंढ्या?"

"होय. दुरून ते फार मोहक वाटे."

लोरेता घरी गेली. खोरं हौदात रिकामं केलं, चर्र आवाज झाला. मग चेसीदिओची बरणी आणि पाव घेऊन ती परत आली. तिने त्यांच्या नव्या पांढऱ्या मेजावर बरणी ठेवली, झाकण काढलं, पावाच्या दोन फोडींना जाड थर लावला. अळ्या वळवळल्या. वासाने मारेइकाबाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

"खा," लोरेता म्हणाली. "हे येथीलच आहे. त्या दिवशी दिलं ते खोटं होतं."

"हे... हे आरोग्यास..."

"वहीत लिहा. उणे किती?"

दोघांनीही खाल्लं नाही. वाउटरने फोन काढून फोटो मात्र घेतला. लोरेताने दोन्ही फोडी उचलल्या आणि त्यांच्यासमोर उभ्यानेच खाल्ल्या. घास फिरत होता तोंडात. आयुष्यात पहिल्यांदा तिला मार्चेत्तोची किळस आली, आणि ती अळ्यांची नव्हती. चेसीदिओने विचारलं होतं, तुला इथेच राहता येईल ना, आणि ती हो म्हणाली होती.

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी दोघं गाडीत सामान भरून तिच्या दारात आले. मारेइकाबाईंनी किल्ली पुढे केली. नव्या कुलपाची, चकचकीत. तिला त्यांनी हौसेने निळी चिंधीही बांधली होती.

"आपण किल्ल्या सांभाळता ना? आठवड्यातून दोनदा फुलांना पाणी घालाल काय?"

"जाणाऱ्याची किल्ली घेते मी," लोरेता म्हणाली. "जायला आधी यावं लागतं, बाई." आणि तिने दार लावून घेतलं. बाहेर थोडा वेळ कुजबुज झाली, मग गाडी उतरणीला लागली.

ऑक्टोबरात दुसरं पत्र आलं. डिसेंबरअखेर बस बंद. बर्फाआधीच निघू म्हणून एर्कोले त्याच आठवड्यात गाडी घेऊन आला. दोन पेट्या, एक गादी, नवऱ्याचा फोटो. गावात उरलेल्यांपैकी कुणाचेच पाय धड नव्हते, तेही बर्फाआधी खाली उतरणार होते, आणि सरपंचाने स्वतःच पेस्कारात खोली बघितली होती. लोरेताने चाळीसही किल्ल्या खिळ्यांवरून काढून पिठाच्या पिशवीत भरल्या. आपल्या दाराला कुलूप लावलं आणि ती किल्ली मुठीत ठेवली.

"हे भंगार कशाला नेतेस?" एर्कोलेने विचारलं.

"चल मुकाट्याने. आणि दरीत उतरल्यावर चेसीदिओच्या बहिणीच्या दाराशी थांब."

चेसीदिओ अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. गुडघ्यावर फडकं, पायाशी काहीच नाही, कुत्रंसुद्धा नाही. तिला बघून तो उठू लागला.

"बस," ती म्हणाली. "मी खोटं बोलले होते. दोन महिने नव्हतेच. मला ठाऊक होतं तुला ते झेपणार नाही. बस टिकावी, मला राहता यावं, म्हणून बोलले."

"ठाऊक होतं मला."

"ते राहिलेच नाहीत."

"तेही कळलं."

तिने मूठ उघडली. आपली किल्ली पुढे केली. चेसीदिओने ती पाहिली, पण हात पुढे केला नाही. लोरेतानेही आपला हात मागे घेतला नाही.

"मी मागे राहिलेला नाही गं," तो म्हणाला. "मीही गेलेलाच आहे."

"दुसरं कुणी नाही. घे. नाही म्हणता येत नाही."

त्याने किल्ली घेतली, उलटसुलट करून बघितली, शर्टाला पुसली.

"इथे खिळा ठोकू देत नाही माझी बहीण," तो म्हणाला. "भिंत खराब होते म्हणते." आणि त्याने ती खिशात ठेवली.